कोटावरून घेतलेलं माप

माझ्या सात जुन्या साड्या सध्या भाताच्या राखणीला गेल्या आहेत. थोरल्या नातवानं खाचरांच्या कडेनं बांबू रोवले आणि माझ्या कपाटातल्या साड्या एकीला एक गाठ मारून चारी बाजूंनी ताणल्या. वाऱ्यानं पदर हलला की आत माणसं आहेत असं रानडुकरांना वाटतं म्हणे. विचारायला आला होता, आजी, ही अबोली घेऊ का, तुला लागणार नाही ना. म्हटलं, घे बाबा. एवढ्या वर्षांत मला बघून घरातलं कुत्रंसुद्धा कधी पळालं नाही. साडीला बघून डुकरं पळाली तर तेवढीच माझी पत वाढेल.

संध्याकाळी बांधावर जाऊन बघून आले. साड्या बऱ्या दिसत होत्या, माझ्या अंगावर दिसायच्या त्यापेक्षा जरा बऱ्याच. उतारावरची सोनकी सुकत आलेली, ओढ्याचं पाणी तळ दिसेल इतकं निवळलेलं, आणि आंबेमोहोराच्या दाण्यात दूध भरताना सुटतो तो वास. शिजलेल्या भाताचा वास सगळ्यांना ठाऊक असतो. हा त्याच्या आधीचा, हिरवा, जरासा ओला, लहान मुलाच्या टाळूसारखा. दसरा झाला की तो खाचरांतून उठतो आणि दिवाळी उलटून कार्तिक लागेपर्यंत अख्ख्या खोऱ्यात भरून राहतो.

मला मात्र त्याच्या मागोमाग आणखी एक वास येतो, जो आता या घरात कुठंच नाही. बंदुकीच्या तेलाचा आणि नव्या चामड्याचा. नाकाला वय कळत नाही. ते मला पन्नासाहून जास्त वर्षं मागं ओढत नेतं आणि ओट्याच्या दाराआड पदर सावरत उभ्या असलेल्या एका पोरीसमोर सोडून देतं. त्या पोरीला एक टप्पल मारावी असं मला दर कार्तिकात वाटतं.

ती पोरगी म्हणजे मीच. वय एकोणीस, मॅट्रिक पास, आणि या दोन्ही गोष्टींचा सारखाच माज. माहेर सपाटीवरचं, घोडेगावच्या अलीकडचं. बैलबाजाराच्या धुळीत वाढले. आमचे वडील बैलांचे जाणते. तीस पावलांवरून येणारं जनावर बघून सांगायचे, मागचा डावा खूर दुखावलाय, आणि जवळ आल्यावर पाठीवरून हात फिरवल्याशिवाय मात्र हो म्हणायचे नाहीत. त्यांची लेक म्हणून मला वाटायचं, पारख माझ्या रक्तातच आहे. लग्न होऊन नगरकडच्याच अकोले तालुक्यातल्या या डोंगरात आले तेव्हा ट्रंकेत चार लुगडी होती आणि इंग्रजीचं पाठ्यपुस्तक होतं. पुस्तक वर ठेवलं होतं. ट्रंक उघडली की सगळ्यांना आधी तेच दिसावं म्हणून.

घरात आम्ही चौघं. आमचे हे साखर कारखान्यात फिटर, पंधरा दिवसांनी शनिवारी यायचे. एरवी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मामंजी, म्हणजे सासरे, आणि मी. मामंजी पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले. आणि त्यांची ती बंदूक.

आमच्या खोऱ्यात ठासणीच्या बंदुका चार-दोन होत्या. मामंजींची तशी नव्हती. विलायतेला परत जाणाऱ्या कुणा साहेबानं नगरला दुकानात टाकलेली ती त्यांनी पिकाच्या राखणीच्या परवान्यावर घेतलेली. पुढची लाकडी मूठ मागं ओढून पुढं सारली की खटक-खटाक आवाज होऊन नवं काडतूस वर चढायचं. सायकलच्या पंपासारखा हात चालतो म्हणून गावानं तिचं नाव पंप ठेवलं. 'हवालदारांचा पंप' म्हटलं की खालच्या वाडीपर्यंत कळायचं. डुकरं त्यांनी फारशी मारली नाहीत. हवेत एक बार काढायचा, मूठ ओढून खटक-खटाक करायचं आणि ऐकत बसायचं, झुडपं कुठवर मोडत जातात ते. दाणा भरायला लागल्यापासून कापणीपर्यंतचे दोन महिने, दिवस कलायला लागला की ते निघायचे, वरच्या उतारावरच्या खाचरांकडं, आणि ऊन तापायच्या आत परत यायचे. तेवढ्यासाठी त्यांचं वर्ष चालायचं असं मला आता वाटतं. बाकीचे दहा महिने ते ओट्यावर बसून त्या दोन महिन्यांची वाट बघायचे.

आता आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सुनेनं सासऱ्यांच्या समोर यायचं नाही. यावंच लागलं तर पदर नाकापर्यंत आणि नजर त्यांच्या पायांवर. बोलायचं नाही. बोलावंच लागलं तर आत्याबाईंना सांगायचं. मामंजी तीन हातांवर बसलेले असायचे, मी दाराआडून म्हणायचे, आत्याबाई, मामंजींना म्हणावं पाणी तापलंय. आत्याबाई वळून म्हणायच्या, पाणी तापलंय म्हनं. मामंजी म्हणायचे, तिला म्हनावं आलो. आत्याबाई माझ्याकडं वळून म्हणायच्या, येतेत. दोन वर्षं आमचं पोस्टखातं असं चाललं होतं. मला त्यांचे पाय पाठ होते. उजव्या अंगठ्याचं नख काळं, टाचेला भेग. तोंड कसं आहे असं कुणी विचारलं असतं तर मी लग्नातल्या फोटोवरून सांगितलं असतं.

त्या वर्षी, मोठ्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी, दसऱ्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी मामंजी सकाळी परतले ते धोतर चिखलानं माखून. म्हणाले, म्हशीनं ढुशी दिली. आत्याबाईंनी धोतर भिजत घातलं आणि बादलीकडं बघत म्हणाल्या, ओढ्यातल्या शेवाळाचा वास येणारी म्हैस आपल्या गोठ्यात नाही. मग खरं निघालं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बंदूक, ओढ्याच्या उतरणीला धरायला तिसरा हात नाही. पाय सरकला. बंदूक वर धरली आणि आपण खाली पडले. बार भरलेला होता.

आत्याबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी भाकरी थापता थापता निकाल दिला.

"त्या पंपाला पट्टा बशिवला तर जावा. न्हाईतर बंदूक ठान्यात जमा करा आन् वटा धरून बसा."

मी चुलीशी होते. मला बाहेर फक्त मामंजींचे पाय दिसत होते, आणि काळ्या नखाचा अंगठा जमीन उकरत होता. एवढं मात्र मला कळलं, की बंदूक ठाण्यात गेली तर त्या पायांना जायला जागा उरणार नाही. पट्टा खांद्याला लागला तर दोन्ही हात मोकळे, आणि हात मोकळे तर वरची खाचरं त्यांची. म्हटलं, हे आपणच करायचं. घरात शिकलेलं दुसरं आहे कोण?

यांनी पुढच्या शनिवारी नगरहून, बंदूक दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या दुकानातून, एक विलायती पुस्तक मागून आणलं. बंदुकांच्या सुट्या भागांचं. गुळगुळीत कागद, त्याला घासलेटासारखा वास, पानापानांवर कड्या, स्क्रू, पट्टे आणि नळ्या. माझ्या हातात ते पडलं आणि मी जी फुगले म्हणता. शब्दकोश नव्हता. पाठ्यपुस्तकाच्या मागं दिलेले शब्दार्थ होते, त्यात 'डॅफोडिल' होतं, 'कडी' नव्हती. तरी मी दुपारभर पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. अडलेला शब्द आला की जरा मोठ्यानं वाचायचे, म्हणजे ओट्यावर ऐकू जाईल.

त्यातून मला कळलं ते असं. त्या बंदुकीला दोन नळ्या. वरच्या नळीतून बार उडतो, खालच्या नळीत काडतुसं एकामागं एक निजलेली असतात. पट्ट्याला दोन कड्या लागतात, एक मागं दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडात आणि एक पुढं. मागच्या कडीबद्दल वाद नव्हता. पुढची बसवायच्या दोन रीती. खालच्या नळीच्या तोंडाला टोपण असतं, त्या जागी कडी असलेलं टोपण लावायचं. साधं, हलकं, दिसायला काहीच नाही. किंवा टोपण काढून त्या जागी एक जास्तीची नळी जोडायची. ती वरच्या नळीच्या टोकापर्यंत जाते, तिला आवळायला एक पट्टी येते, त्या पट्टीलाच कडी असते. आणि आत दोन काडतुसं जास्त मावतात.

बैलबाजारातली लेक मी. लांब शिंगांचा बैल सोडून आखूड शिंगांचा कोण घेईल? दोन काडतुसं जास्त म्हणजे दुप्पट शहाणपण. मामंजी अख्ख्या हंगामात पाच-सहा बार काढायचे, एका खेपेला एक, फार तर दोन. परवान्यावर काडतुसंही मोजूनमापूनच मिळायची. जास्तीची दोन काडतुसं नळीत पडून काय करणार होती, जप? पण हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी दाराआडून भाषण केलं. आत्याबाई, मामंजींना म्हणावं, टोपणाची कडी कच्ची असते. म्हणावं, पट्टीची कडी दोन्ही नळ्यांना धरून राहते. म्हणावं, परदेशात आता हेच चालतं. आत्याबाईंनी एवढं सगळं पोचवायचा कंटाळा केला आणि सांगितलं, लांब नळी घ्या म्हनती. मामंजी म्हणाले, तिनं वाचलंय तर तसंच करू.

या माणसानं वीस वर्षं पलटणीत रायफल खांद्याला लावून कवायत केली होती. पट्टा कुठं असावा, किती असावा, कडी कुठं बसावी, हे त्याच्या खांद्याला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. शिवाय पलटणीत रोमन अक्षरं शिकवत, तेव्हा पुस्तकातली नावं त्यांना माझ्याइतकीच वाचता येत होती. हे मला पुढं वर्षभरानं यांनी सांगितलं. म्हणजे मी दाराआडून ज्याला पोहायला शिकवत होते तो मासा होता, आणि तो मासा मान हलवून ऐकून घेत होता.

उस्तादांना पत्र लिहायचं कामही मीच घेतलं. इंग्रजीत. मला इंग्रजीत एकच पत्र लिहिता येत होतं, हेडमास्तरांना रजेचा अर्ज. त्याच्यातच मी कड्या आणि नळी बसवली. माननीय महोदय, नम्र विनंती की, असं सुरू होऊन, पोटदुखीच्या जागी बंदूक घालून, कृपया दोन दिवसांसाठी पट्टा मंजूर करावा इथवर ते गेलं, आणि खाली 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी'. उस्तादांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ते पत्र शेजारच्या वकिलाकडून वाचून घेतलं, आणि त्या गल्लीत दोन दिवस कुणी कुणाला चहा मागितला तरी आज्ञाधारक विद्यार्थिनी म्हणूनच मागितला, असं हे सांगत होते. उत्तर मराठीत आलं. बंदूक आणि परवाना घेऊन या, कड्या बसवून देतो. पट्टा आमच्याकडं तयार मिळत नाही, तुमच्याकडं मापाचा करून घ्या.

मापाचा. इथं माझं घोडं अडलं. सासऱ्यांच्या खांद्याला सुतळी लावायची म्हणजे काय? आत्याबाईंना सांगावं, तर त्या दळणात. आणि खरं सांगू, मला सांगायचंच नव्हतं. मला दाखवायचं होतं, की शिकलेली बाई अडत नाही. मधल्या घरात खुंटीवर मामंजींचा पलटणीतला कोट टांगलेला असायचा. जाड, खाकी, पितळी बटणांचा. मी दुपारी घर रिकामं बघून तो खाली काढला, घडवंचीवर पसरला, बटणं लावली, आणि उजव्या खांद्यावरून छातीवर आणि पाठीवरून खाली डाव्या कमरेपर्यंत सुतळी फिरवली. गाठ मारली. बंदुकीसाठी आणखी चार बोटं सोडली. इतकं नेटकं माप मी पुढं माझ्या मुलांच्या झबल्यांचंही कधी घेतलं नाही. ती सुतळी जोडे शिवणाऱ्या भागूजीकडं पोचवली, आणि वर निरोप, माप पक्कं आहे, एक बोटसुद्धा इकडंतिकडं नको.

मामंजी आणि हे एस.टी.नं नगरला गेले, बंदूक गोधडीत गुंडाळून. तिथं काय झालं ते यांनी त्या वेळी अर्धंच सांगितलं, उरलेलं फार मागाहून. उस्तादांनी बंदूक हातात घेण्याआधी मामंजींकडं एकदा नीट बघितलं होतं. मग यांना बाजूला घेऊन म्हणाले, ही लांब नळी घालू नका, तोंडाकडं वजन जाईल, वडिलांना झेपायचं नाही, आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागेल ती वेगळी. आमच्या यांना राग आला. माझा बाप हवालदार होता, म्हणाले. मामंजींनी ते ऐकलं. ते आत येऊन म्हणाले, सूनबाईनं निवडलंय, बसवा. नको म्हणायला त्यांना एकच कारण होतं, आणि ते कारण त्यांना तोंडातून काढायचं नव्हतं.

ती सकाळ मला दिसते तशीच्या तशी. कोवळं ऊन ओट्यावर आलेलं. अंगण नुकतंच सारवलेलं, अजून ओलं, शेणाचा गार वास. खाचरांकडून तो दुधाचा वास येत होता. भागूजी स्वतः पट्टा घेऊन आला होता, करंजाचं तेल पाजून तांबूस झालेलं चामडं, पितळी बक्कल. यांनी पट्टा दोन्ही कड्यांत ओवला आणि मामंजींच्या हातात बंदूक दिली. मी दाराआड, शाबासकी घ्यायला तयार. मामंजींनी पट्टा डोक्यावरून घेतला, खांद्यावर टाकला, आणि हात सोडले.

बंदूक खाली गेली. दस्ता मांडीपर्यंत आला, पुढं जड झालेली नळी गर्रकन खाली वळली, आणि तिचं तोंड सारवलेल्या अंगणात टेकलं. रिकामीच होती. ती उचलली तेव्हा शेणात एक गोल उमटला होता. पट्टा तर अजून पोटाजवळ लोंबत होता. मामंजी त्यात असे उभे होते, जसं कुणी थोरल्या भावाचे कपडे घालून उभं राहतं.

भागूजी घाईघाईनं सुतळी काढून पट्ट्याला लावून दाखवायला लागला, माप हेच दिलं होतं, हे बघा गाठ. मामंजींनी सुतळी हातात घेतली, ती आपल्या अंगावर धरली आणि खुंटीकडं, मधल्या घरात, बघितलं. त्यांना कळलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आत्याबाईंकडं न वळता, सरळ दाराकडं तोंड करून मला विचारलं.

"पोरी, कोट कवाचा हाय, त्ये बघितलं व्हतं का?"

रागानं नव्हे. एखादी वस्तू कुठं ठेवली असं विचारावं तसं. आणि मी, कशी कोण जाणे, पदर सोडून वर बघितलं.

गाल आत गेलेले. गळ्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली, सदऱ्याच्या बाह्या मनगटांभोवती पोकळ. डोळे तेवढे फोटोतले. हे एका दिवसात झालं नव्हतं. मी रोज त्यांच्या ताटात भाकरी वाढत होते आणि अर्धी उरलेली ताटं उचलत होते, आणि कुत्र्याचं बरं चाललंय एवढंच मनात येत होतं. पंधरा दिवसांनी येऊन बाप बघणारा मुलगा हवालदार बघत होता. नगरच्या परक्या माणसाला जे उंबऱ्यातून दिसलं ते आम्हाला घरात बसून दिसलं नव्हतं. तीस पावलांवरून बैलाचा खूर ओळखणाऱ्या माणसाची मी लेक.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांचं तोंड मला सांगत होतं, की धोतराचा घेर दर महिन्याला किती जास्त खोचावा लागतो हे त्या मोजत होत्या. पट्ट्याची अट घातली तेव्हा त्यांना वाटलं असेल, मामंजी नको म्हणतील, बसतील घरी. ते बसले नाहीत.

आत्याबाईंनी कोनाड्यातून गोधडीचा दोरा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"घे माप."

मी म्हटलं, मी कशी घेऊ, तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, "माझ्या हातनं खरं माप न्हाई निगायचं."

मी उंबरा ओलांडून अंगणात आले. भागूजीनं मान फिरवली, हेही दुसरीकडं बघायला लागले, कारण सून सासऱ्यांना हात लावणार होती. मामंजींनी डोळे मिटून घेतले आणि हात जरासे बाजूला केले, न्हाव्यापुढं लहान मूल बसतं तसे. मी दोरा त्यांच्या खांद्यावर ठेवला. सदऱ्याखाली मांस नव्हतं, खुंटी होती. पाठीवरून दोरा खाली नेताना बोटांना एकेक बरगडी लागली. वडील बैलाच्या पाठीवरून हात फिरवताना गप्प का होत ते मला तिथं समजलं. त्यांच्या अंगाला तंबाखूचा आणि उन्हात वाळलेल्या कापडाचा वास येत होता, आणि ते श्वास रोखून उभे होते, मला त्रास नको म्हणून. कमरेपाशी मी गाठ मारली. कोटाच्या सुतळीशेजारी तो दोरा धरला तर वीतभर कमी भरला.

मामंजींनी डोळे उघडले, ओट्यावर बसले, आणि ती लांब नळी स्वतःच्या हातानं फिरवून काढली. तिच्या जागी, जिथं आधी साधं टोपण असायचं तिथं, कडीचं टोपण घातलं. उस्तादांनी ते फुकटच त्यांच्या खिशात घातलं होतं, लागेल म्हणून. नळी आत्याबाईंच्या पुढं सारत म्हणाले, सूनबाईला फुंकणी करा. आत्याबाईंनी खरंच चुलीपाशी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ती तोंडाला लावून गाल दुखेपर्यंत फुंकली, तेव्हा कळलं की तिचं पुढचं तोंड बंद असतं. हे पुस्तकात छापलेलं होतं. सगळी मॅट्रिक वाया.

त्याच सकाळी, अंगणातून निघण्याआधी, भागूजीनं विचारलं, की नव्या मापाला पट्टा कापतो, पण बक्कलाला भोकं किती पाडू. मामंजी म्हणाले, एक मापाचं आणि आतल्या, आवळायच्या अंगाला आणखी तीन. आता गप्प बसेन तर ती मी कसली. आणि एकदा सरळ बोलणं झालंच होतं. मी म्हटलं, मामंजी, आतल्या अंगाला कशाला, बाहेरच्या अंगाला पाडायला सांगा, थंडीत वरून कांबळं घेतलं की पट्टा अपुरा पडेल.

मामंजी हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. पुढचा एक दात नव्हता.

"आतल्याच अंगाला पाड, भागूजी. अजून दोन-तीन कारतिक तरी जाईन म्हनतो मी."

आत्याबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, दूध उतू गेलं.

त्या हंगामात दुपार कलल्यावर भाकरी घेऊन मी वरच्या खाचरांपर्यंत जायला लागले. आधी ते काम आत्याबाईंचं होतं, त्यांनी माझ्यावर टाकलं. मामंजी पुढं चालायचे, बंदूक पाठीवर तिरपी, घट्ट बसलेली, जराही हलत नसे. एका हातात काठी. दुसरा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताचं त्यांना काय करावं हे पहिल्या दिवशी कळेना. मग ओढ्याच्या उतरणीला त्यांनी झाडाची फांदी धरली, आणि वर खाचरांत गेल्यावर बांधानं चालता चालता तो हात खाली सोडला, लोंब्यांवरून. भात कमरेला येत होतं. लोंब्या तळव्याखालून वाकायच्या आणि परत उभ्या राहायच्या. मी मागून बघायचे. आता मला बघायची सवय लागली होती. रीत मोडली ती मोडलीच, पुन्हा कुणी जोडायला गेलं नाही. आम्ही बोलायचो. ते मला सांगायचे, कोणत्या खाचरात काळभात आधी पिकतो, डुकरं कुठल्या अंगानं उतरतात, पलटणीत डाळ कशी असायची. मी त्यांना डॅफोडिल म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी विचारलं, खातात का? म्हटलं, नाही. म्हणाले, मग डुकरांचा त्रास नसंल त्याला.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर बंदूक खांद्याला लावताना त्यांनी बक्कल आतल्या पहिल्या भोकात घातलं. मी समोर होते. मी पट्ट्याचं लोंबतं टोक बक्कलाखाली सारून दिलं. त्याच्या पुढच्या साली पाऊस पडलाच नाही म्हणा. निम्मी खाचरं पडीक, आणि डुकरं पाण्याला खाली येऊन उरलंसुरलं उकरत होती. तेव्हा दुसरं भोक. ओढ्यापर्यंतच जायचे, तिथं दगडावर बसून मूठ ओढायचे, खटक-खटाक, आणि ऐकायचे. नुसत्या आवाजावर निभावायचं, बार काढत नसत.

ते गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. तिथल्या जमादारानं परवाना दोनदा वाचला आणि पट्टा सोडवून यांच्या हातात परत दिला. परवान्यात पट्ट्याची नोंद नव्हती.

परवा साड्या काढायला कपाट उघडलं तेव्हा तो हाताला लागला. नातवानं विचारलं, आजी, हा कसला बेल्ट. म्हटलं, तुझ्या पणजोबांचा. त्यानं खांद्याला लावून बघितला, त्याला काखेतच अडकला. मग तो साड्या घेऊन गेला आणि मी पट्टा मांडीवर घेऊन बसले. चामडं कडक झालंय, बक्कलाला हिरवट गंज आलाय. मापाचं भोक ओढून ओढून लांबट झालेलं आहे. त्याच्या आतलं पहिलं जरा कमी, दुसरं त्याहून कमी. तिसऱ्यात बक्कलाचा काटा कधी गेलाच नाही. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं की भागूजीनं नुकतं पाडल्यासारखं अजून खरखरीत लागतं.